अंगावर काढलेल्या दुखण्यांची नोंदवही
बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या इतिहासाचे एक वाचन

रुग्णालयाचा इतिहास लिहिण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. आधी संस्थापकाचे चरित्र, मग जागा देणाऱ्या संस्थानिकाचे वा दात्याचे नाव, मग खाटांची वाढती संख्या, नवी इमारत, नवे यंत्र आणि शेवटी मान्यवरांच्या भेटी. सुवर्णमहोत्सवी स्मरणिका आणि गौरवग्रंथ याच साच्यात बसवलेले असतात. १८९४ मध्ये मिरजेला रुग्णालय उभारणारे विल्यम वानलेस असोत, महाडला विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर असोत, की सोलापुरातून १९३८ मध्ये चीनला गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस असोत, आपल्या वैद्यकीय कथनाला नायक लागतो. ही माणसे मोठीच होती. पण या रीतीमुळे एक गोष्ट सतत निसटते. ज्या रुग्णांमुळे नवे ज्ञान हाती आले, ते या इतिहासात फक्त संख्येपुरते उरतात.

प्रस्तुत लेखात सोलापूर जिल्ह्यातल्या एका रुग्णालयाचा इतिहास वेगळ्या बाजूने वाचायचा आहे. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय नावाने सिनेरसिकांच्या ओळखीचे आहे. नर्गिस यांचे १९८१ मध्ये कर्करोगाने निधन झाले, त्यांची आठवण या नावात आहे. मात्र वैद्यकाच्या जगात बार्शीची ओळख आहे ती एका नोंदवहीमुळे आणि त्या वहीच्या आधाराने झालेल्या एका मोठ्या चाचणीमुळे. त्या चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दलचा जगाचा विचार बदलला. हे ज्ञान जिथून निघाले तिथे ते कितपत परत आले, हा या लेखाचा प्रश्न आहे.

धरण, ऊस आणि दवाखान्याची वाट

भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. करमाळा आणि माढा तालुक्यांतल्या काठच्या गावांचे जगणे त्याने उलटेपालटे केले. नदीकाठची जुनी गावठाणे पाण्याखाली गेली आणि माणसे वर सरकून नव्या वसाहतींत राहू लागली. ज्वारीच्या रानात ऊस आला, उसामागे साखर कारखाने आले आणि कारखान्यांमागे दरवर्षी बीड-धाराशिवकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येऊ लागल्या. पाण्याने पैसा आणला, पण दवाखाना आणला असे म्हणता येत नाही. केत्तूर, चिखलठाण, वांगी, कंदर, जेऊर या पट्ट्यात मोठे दुखणे निघाले की सोलापूर, पुणे किंवा कुर्डुवाडीमार्गे बार्शी अशाच वाटा धरल्या जातात.

कुर्डुवाडी-बार्शी ही वाट जुनी आहे. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली ती याच टप्प्यावर. पुढे १९२७ मध्ये ती पंढरपूरमार्गे मिरजेला जोडली गेली. तेव्हापासून या दुष्काळी पट्ट्याला मिरजेच्या मिशन रुग्णालयाचीही थेट वाट मिळाली. इथल्या रुग्णाच्या मनात रुग्णालय म्हणजे प्रवास करून गाठायची जागा असते. गाडीभाडे, सोबतीचे माणूस आणि बुडालेली मजुरी यांची बेरीज आधी होते, दुखण्याचा विचार मागाहून. बार्शीच्या रुग्णालयाने केलेला पहिला बदल याच ठिकाणी होता. त्याने प्रवासाची दिशा उलटी केली.

वही गावात गेली

भारतात लोकसंख्येवर आधारलेली कर्करोगाची पहिली नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली. पुढे १९८० च्या दशकात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने राष्ट्रीय कार्यक्रम आखला. शहरातल्या नोंदणीची पद्धत सोपी असते. नोंदणी कर्मचारी रुग्णालये आणि प्रयोगशाळा यांची दप्तरे तपासतात, मृत्यूच्या नोंदी पाहतात आणि त्या शहराच्या रहिवाशांपुरते रुग्ण वेगळे काढतात. या पद्धतीत एक गृहीत दडलेले असते. आजारी माणूस कधी ना कधी दवाखान्याच्या दारात येतोच, हे ते गृहीत.

१९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या तीनशेहून अधिक गावांसाठी ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, तेव्हा हे गृहीत टिकणार नव्हते. देशातली ही पहिली ग्रामीण नोंदणी. साथरोगशास्त्राच्या अभ्यासक डॉ. कस्तुरी जयंत आणि बार्शीचे डॉ. भगवान नेने यांची नावे तिच्याशी जोडलेली आहेत. इथला रुग्ण दवाखान्यापर्यंत पोचतच नसेल, तर दवाखान्याच्या दप्तरात त्याला शोधून काय उपयोग? म्हणून नोंद करणाऱ्यांनीच ठरावीक काळाने गावोगाव जायचे, गावातल्या जाणत्या माणसांशी बोलायचे, संशयास्पद लक्षणे कोणती ते सांगायचे आणि तशी लक्षणे असलेल्यांना तपासणीसाठी रुग्णालयात आणायचे, अशी पद्धत बसवली गेली. नोंदणी करता करता लोकशिक्षण होऊ लागले आणि त्यातूनच रोगनिदान होऊ लागले.

इथे मराठीतला एक शब्दप्रयोग थांबून पाहण्यासारखा आहे. आपण दुखणे ‘अंगावर काढतो’. त्यात सहनशीलतेचे कौतुक आहे आणि नाइलाजही आहे. बाईच्या बाबतीत हे कौतुक अधिकच चिकट होते. अंगावरून पांढरे जाणे, पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसणे, संबंधांनंतर रक्तस्राव होणे ही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लक्षणे नेमकी न बोलण्याच्या गोष्टींत मोडतात. कर्करोगाचे नावही घरात घेतले जात नाही, ‘मोठा आजार’ म्हणून ते टाळले जाते. नोंदवहीला या मौनातून वाट काढायची होती. नोंदणी सुरू झाल्यानंतरच्या काही वर्षांतच या रोगाच्या रुग्ण स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात सापडू लागल्या, असे या गटाने १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसते. त्यासाठी कोणतेही नवे औषध वा यंत्र आले नव्हते. कोणीतरी दारी येऊन विचारत होते, एवढाच फरक होता.

ही कल्पना आकाशातून पडली नव्हती. भूमला लागूनच असलेल्या जामखेडमध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावच्याच स्त्रियांना आरोग्याचे काम शिकवून दवाखाना गावात नेला होता. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. ‘लॅन्सेट’मध्ये हे १९८९ मध्ये छापून आले. जामखेडने सेवा गावात नेली, गडचिरोलीने प्रश्न गावात नेला. बार्शीने मोजणी गावात नेली, आणि तीही एकदा करून थांबवली नाही. महाराष्ट्रातल्या ग्रामीण वैद्यकाची ही एक परंपरा आहे. बार्शीचा इतिहास तिच्यात ठेवून वाचला तरच त्याचे वेगळेपण कळते.

मोजणीला अंश लागतो तसा छेदही लागतो. किती रुग्ण, हा अंश; किती लोकांपैकी, हा छेद. गावोगाव जाऊन नोंद करणाऱ्या बार्शीकडे दोन्ही होते. कोणत्याही वैज्ञानिक चाचणीला लागणारी जमीन अशी तयार झाली होती.

एका तक्त्याचे वाचन

१९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ही चाचणी सुरू झाली. बार्शीचे रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधल्या लिआँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ती मिळून केली. पैसा गेट्स प्रतिष्ठानचा होता. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया आणि ५२ गावसमूह अशी तिची व्याप्ती होती. गावसमूहांची चिठ्ठी टाकल्यासारखी चार गटांत वाटणी झाली. पहिल्या गटात एचपीव्ही या विषाणूची तपासणी. दुसऱ्यात पेशींचा नमुना काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची पॅप तपासणी. तिसऱ्यात गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगर लावून पांढरे पडणारे चट्टे नुसत्या डोळ्यांनी पाहणे. चौथ्या गटात यांपैकी काहीच नाही. ज्यांच्यात दोष आढळला त्यांच्यावर उपचार झाले आणि मग आठ वर्षे सर्वांचा मागोवा घेतला गेला. पहिल्या तीन गटांत दर पाच स्त्रियांपैकी जवळपास चौघी तपासणीला आल्या. लाजेच्या आणि मजुरी बुडण्याच्या या मुलखात हा आकडा विलक्षण आहे. त्यामागे बारा वर्षे गावात फिरलेल्या वहीने कमावलेला विश्वास असणार, असे मानायला जागा आहे.

निष्कर्ष २ एप्रिल २००९ च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. त्यातला मुख्य तक्ता एखाद्या कवितेइतका सावकाश वाचावा असा आहे. विषाणू तपासणीच्या गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या, त्यांत कर्करोगाचे १२७ रुग्ण सापडले. न तपासलेल्या गटात ३१,४८८ स्त्रिया होत्या, त्यांत ११८ सापडल्या. वरवर पाहता दोन्ही बाजू सारख्याच. पुढची ओळ मात्र वेगळे सांगते. दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्याला पोचलेल्या रुग्ण पहिल्या गटात ३९, तर न तपासलेल्या गटात ८२. त्याच्याही खालच्या ओळीत मृत्यू आहेत: ३४ आणि ६४. रोग दोन्हीकडे होता. एकीकडे तो वेळेत सापडला, दुसरीकडे अंगावर काढला गेला.

पॅप तपासणीच्या आणि व्हिनेगरच्या गटात मृत्यूंमध्ये खात्रीने म्हणता येईल अशी घट झाली नाही. शिवाय ज्यांची तपासणी निर्दोष निघाली त्यांच्यात पुढे कर्करोग किती झाला, हेही पाहिले गेले. विषाणू तपासणीत निर्दोष ठरलेल्या स्त्रियांत तो वर्षाला दर लाखामागे ३.७ होता, पॅपमध्ये १५.५ आणि व्हिनेगरमध्ये १६. म्हणजे आयुष्यात एकदाच होणारी विषाणू तपासणी ‘काही नाही’ म्हणाली, तर त्या शब्दावर बरीच वर्षे विसंबता येते. वारंवार दवाखाना न परवडणाऱ्या बाईसाठी याहून मोलाची माहिती कोणती? ती मिळाली धाराशिव-बार्शीच्या शेतमजूर बायांकडून. पुढे २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने विषाणू तपासणीलाच पहिली पसंती दिली. त्या शिफारशीमागच्या पुराव्यांत या गावांचा वाटा मोठा आहे.

चौथा रकाना

आता त्या तक्त्यातल्या चौथ्या रकान्याकडे यावे लागते. ३१,४८८ स्त्रिया, ६४ मृत्यू. शोधनिबंधाच्या भाषेत या गटाला ‘स्टँडर्ड केअर’ मिळाली. मराठीत याला प्रमाणित सेवा म्हणता येईल. प्रमाणित हा शब्द ऐकला की काहीतरी ठरलेले, पुरेसे, मान्य असे डोळ्यांसमोर येते. त्या काळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात या रोगासाठी ठरलेली तपासणी यंत्रणाच नव्हती. जे नव्हते त्याला ‘सेवा’ हे नाव मिळाले, आणि ती उणीव एका रकान्याचे सभ्य शीर्षक होऊन बसली.

यावर वाद झाला आणि तो गंभीर होता. अमेरिकेतले विकृतिशास्त्रज्ञ एरिक सुबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मधून उस्मानाबाद, मुंबई आणि तमिळनाडू इथल्या तीन चाचण्यांवर आक्षेप घेतले. तपासणीने जीव वाचतात हे पाश्चात्त्य देशांत दशकानुदशके ठाऊक होते. मग गरीब देशात हजारो बायांना तपासणीविना ठेवून मृत्यू मोजण्याची गरज काय होती, असा त्यांचा सवाल होता. चाचणीच्या बाजूने उत्तर असे होते: श्रीमंत देशांतली पॅप पद्धत इथे चालत नव्हती, कोणती पद्धत खरोखर जीव वाचवते हे इथेच तपासल्याशिवाय सरकार एक रुपयाही खर्च करणार नव्हते, आणि चाचणी झाली नसती तर एक लाखाहून अधिक बाया, म्हणजे चारही गट, तपासणीविनाच राहिले असते.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तुलनेचा गट नसता तर ३४ आणि ६४ यांतला फरक दिसला नसता, आणि पॅप नि व्हिनेगर इथे कमी पडले हेही कळले नसते. ‘चांगले’ म्हणून पॅपच गावोगाव नेण्याचा सद्हेतू खर्चिक आणि निरुपयोगी ठरला असता, हे याच तक्त्याने दाखवले. हे मान्य करूनही चौथा रकाना मिटत नाही. त्या बायांच्या आजाराची बातमी वहीत येत होती. म्हणजे त्या रुग्णालयाला अनोळखी नव्हत्या. त्यांची नोंद होती, तपासणी तेवढी नव्हती. ज्या वहीने मौन फोडले तिनेच इथे मौनाची मोजदाद केली. हा पेच टाळून लिहिलेला बार्शीचा गौरव अपुरा आहे, आणि फक्त या पेचावर बोट ठेवून केलेला निषेधही तितकाच अपुरा.

माझ्या मते या प्रश्नाचा निकाल चाचणीच्या आराखड्यात लागत नाही, तिच्यानंतर काय झाले यात लागतो. तुलनेच्या गटातल्या बायांनी जे दिले ते एक प्रकारचे कर्ज आहे. त्याची परतफेड झाली असेल तर चौथा रकाना सोसण्याजोगा ठरतो. झाली नसेल तर नाही.

परतफेड

२०१६ मध्ये केंद्र सरकारने कर्करोग तपासणीचा आराखडा जाहीर केला. त्यात गर्भाशयमुखासाठी व्हिनेगरची पद्धत निवडली गेली, दर पाच वर्षांनी. निवडीला कारणे होती. ती स्वस्त आहे, प्रयोगशाळा लागत नाही, निकाल तिथल्या तिथे मिळतो. आणि तमिळनाडूत दिंडिगुलला तसेच मुंबईच्या झोपडवस्त्यांत तिने मृत्यू घटवल्याचे दिसले होते. मुंबईत मात्र तपासणीच्या एकापाठोपाठ एक फेऱ्या झाल्या होत्या. उस्मानाबादच्या गावांत एकाच फेरीने ते साधले नव्हते. बार्शीच्या आकड्यांनी जगाला विषाणू तपासणीकडे वळवले, पण बार्शीच्या शेजारच्या प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी कागदावर उरली ती दुसरीच पद्धत. तीही कितींपर्यंत पोचली? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या फक्त १.९ टक्के होत्या. चाचणीत पाचांतल्या चौघी आल्या होत्या. तेव्हा बाया येत नाहीत, ही सबब उरत नाही.

लसीची कथाही अशीच वाकडी आहे. २००९ मध्ये मुलींना एचपीव्ही लसीच्या दोन मात्रा पुरतात की तीन लागतात, हे पाहणारा अभ्यास देशातल्या अनेक केंद्रांवर सुरू झाला. बार्शी त्यांपैकी एक. आंध्र प्रदेश आणि गुजरातमधल्या एका वेगळ्याच लसप्रकल्पावरून वाद उठल्यावर एप्रिल २०१० मध्ये सरकारने लस देणे थांबवले, आणि जवळपास पाच हजार मुली एकाच मात्रेवर राहिल्या. संशोधकांनी त्यांचा मागोवा सोडला नाही. पुढे दिसले की एका मात्रेनेही टिकाऊ संरक्षण मिळते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्यामागे याही मुली आहेत. अडथळ्यातून ज्ञान निघाले, कारण मागोवा घेण्याची सवय होती. तीच सवय वहीने लावली होती.

आता धरणाच्या काठाकडे परत यायला हवे. १९८७ च्या नोंदक्षेत्राची पश्चिमेकडची हद्द परांडा तालुक्याशी थांबत होती. तिथून पुढे करमाळा सुरू होतो आणि मग उजनीचे पाणी. म्हणजे देशातल्या सर्वांत काळजीपूर्वक ठेवलेल्या ग्रामीण नोंदवहीच्या शेजारीच हा काठ होता, पण पानाबाहेर. या काठावर उसाच्या हंगामात येणारी ऊसतोड मजूर बाई तर कोणत्याच पानावर बसत नाही. नोंदणी रहिवाशांची होते, आणि ही बाई वर्षातले पाच-सहा महिने गावाबाहेर फडात असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, अंगावर मुकादमाची उचल, आणि एक दिवस बुडाला की खाडा. पाळीचे दुखणेही तिथे परवडत नाही.

बीड जिल्ह्यातल्या अशा स्त्रियांची राज्य सरकारने नेमलेल्या समितीने २०१९ मध्ये पाहणी केली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. ‘पिशवी काढली’ हे वाक्य या भागात दात काढल्यासारखे सहज बोलले जाते. पिशवीला गाठ आहे, पुढे मोठा आजार होईल, ही भीती घालून शस्त्रक्रिया झाल्याचे अनेक स्त्रियांनी सांगितले आहे. भीती तीच, रोगाचे नाव तेच. धाराशिवच्या गावांत त्या भीतीला एका साध्या तपासणीने उत्तर दिले होते. बारा वर्षे वही फिरलेल्या मुलखाच्या अगदी शेजारी तीच भीती शस्त्रक्रियेचे गिऱ्हाईक मिळवून देते, हा योगायोग मानता येत नाही. तपासणी न पोचलेल्या जागा रिकाम्या राहत नाहीत.

उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ अब्ज घनफूट आणि त्यातला निम्म्याहून अधिक मृत साठा, हे या काठावरच्या शेतकऱ्याला पाठ असते. पाणी हिशेबात दिसते, दरवाजातून सुटत नाही. बार्शीच्या ज्ञानाचे आज तसेच झाले आहे. ते जगाच्या खात्यावर जमा आहे, पण जेऊरच्या किंवा कंदरच्या बाईच्या वाट्याला कालव्याने उतरलेले नाही. त्यासाठी नवा शोध लागायचा राहिलेला नाही. आयुष्यात एक-दोनदा होणारी विषाणू तपासणी, मुलींना लसीची एक मात्रा, आणि वर्षातून ठरलेल्या वेळी गावात व फडात येणारी वही, एवढेच लागते.

बार्शीच्या रुग्णालयाचा इतिहास उद्या कोणी सविस्तर लिहिला, तर त्यात इमारत, दाते आणि डॉक्टर असतीलच, असावेतच. पण त्याच्या पहिल्या पानावर चार रकान्यांचा तो तक्ता छापावा आणि चौथ्या रकान्याखाली काय परत दिले याचा हिशेब लिहावा. तो हिशेब आज अपुरा आहे. पूर्ण करायचा तर नोंद करणाऱ्यांनी परांड्याची हद्द ओलांडून उसाच्या फडापर्यंत जायला हवे.